ऑर्डर मिळाली, तरी झोप का लागत नाही?

सुमनने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेला कागद लॅमिनेट केलेला होता. (सुमन हे खरं नाव नाही. गाव, नाती, कामधंदा हेही मी बदललं आहे.) नवऱ्याने तिला त्रास देऊ नये, असा कोर्टाचा अंतरिम (अंतिम निकाल लागेपर्यंतचा) आदेश, दोन पानं, पाठीला पाठ लावून प्लास्टिकमध्ये बंद. एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला होता. बोलताना तिचा अंगठा त्याच्यावरून फिरत होता.

"ताई, ऑर्डर मिळून आज अकरावा दिवस. भाऊ म्हणतो, कोर्टाचा कागद आहे, आता तो काय करणार? वकीलसाहेबही म्हणाले, निर्धास्त राहा. पण मोटारसायकलचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मी उगाच घाबरते का?"

अशा बायकांना मदत करायचं माझं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर सारखा येतो. कधी बाई स्वतः विचारते, कधी तिला घेऊन आलेला भाऊ सांगतो, "मॅडम, हिला जरा समजवा, सगळं झालंय तरी घाबरते." समजवायचं कोणाला, हा प्रश्नच असतो.

"उगाच नाही," मी म्हणाले. "तो काय करील असं तुला वाटतं?"

"मारून टाकील." भाजी काय आणायची हे सांगावं तितक्या साध्या आवाजात. मग जरा थांबून, "आणि मी नाही सापडले तर आईला."

त्या दुसऱ्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी अशीच एक जण माझ्यासमोर बसली होती. तिच्या आदेशासाठी मी स्वतः चकरा मारल्या होत्या आणि तो मिळाला याचा मला अभिमानही वाटत होता. "आता कायदा तुझ्या बाजूने आहे, निर्धास्त राहा," असं मीच तिला म्हणाले होते. आदेशानंतर नवरा दोनदा तिच्या माहेरच्या घरासमोर येऊन लिंबाखाली उभा राहिला. शिवी नाही, हाक नाही, उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. ती पोलीस ठाण्यात गेली. "उभाच राहिला ना? काही केलं तर या," असं सांगून तिला परत पाठवलं. नोंद झाली नाही. तिने मला फोन केला आणि मीही काही वेगळं केलं नाही. पुढच्या तारखेला कोर्टाला सांगू, म्हणाले. तारीख तीन आठवड्यांवर होती. त्याआधीच एका पहाटे तो आला. ती नात्यातल्या साखरपुड्याला गेली होती. दार आईने उघडलं.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. त्या आदेशात फक्त 'अर्जदाराशी' संपर्क करायला मनाई होती. आईचा उल्लेख नव्हता. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८मध्ये सोय आहे: बाईवर अवलंबून असणारे, तिचे नातेवाईक, तिला मदत करणारी माणसं यांच्यावर हिंसा करायलाही मनाई मागता येते. तिच्या कामाच्या जागी आणि मुलांच्या शाळेत जायला मनाई मागता येते, फोन-मेसेजवरून गाठायलाही. मला हे माहीत होतं. अर्ज लिहिताना सुचलं नव्हतं. आम्ही साच्यातला मजकूर घालून मोकळ्या झालो होतो.

म्हणजे आदेश कुचकामी असतो का? नाही. बहुतेक नवऱ्यांना नोकरी असते, चारचौघांत मान असतो, अटकेची भीती असते, आणि कोर्टाचा शिक्का बघून ते निवळतात. म्हणून मी आजही बायकांना आदेश घ्यायलाच सांगते. अडचण उरलेल्यांची. बायको घर सोडून गेली म्हणजे आपलं सगळंच गेलं, असं ज्याच्या डोक्यात बसलंय, त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आणि वीस हजारांचा दंड काय अडवणार? आदेश मोडल्याची शिक्षा तेवढीच आहे. तीही आदेश मोडल्यावर, आणि कोणी तो मोडल्याची दखल घेतली तर.

दखलीवरून मला कॅसल रॉकची केस आठवते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातलं हे गाव, जून १९९९. जेसिका गोन्झालेस या बाईला विभक्त नवऱ्याविरुद्ध आदेश मिळाला होता. त्या कागदाच्या मागच्या बाजूला पोलिसांसाठी सूचना छापलेली होती: आदेशाच्या अंमलबजावणीसाठी शक्य ते सगळं करा, मोडला तर अटक करा. २२ जूनच्या संध्याकाळी घराबाहेर खेळणाऱ्या तिच्या तीन मुलींना तो घेऊन गेला. ती पोलिसांना फोन करत राहिली. दहापर्यंत वाट बघा, म्हणाले. दहानंतर म्हणाले, बारापर्यंत बघा. मध्यरात्र उलटल्यावर ती स्वतः ठाण्यात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने तक्रार लिहून घेतली आणि तो जेवायला गेला. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी नवराच त्या ठाण्यावर गोळीबार करत आला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. मुलींचे मृतदेह त्याच्या गाडीत होते. २००५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की आदेशाची अंमलबजावणी व्हावी असा तिचा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही. २०११मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने मात्र दोष देशावर ठेवला. तोवर बारा वर्षं गेली होती.

"काही केलं तर या" हे वाक्य इंग्रजीतही तसंच ऐकू येतं, एवढंच मला त्यातून कळलं.

सुमनला मी हे सांगितलं नाही. तिला प्रश्न विचारले. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिकेने १९८५मध्ये जिवाचा धोका जोखायची एक प्रश्नावली केली, आता तिच्यात वीस प्रश्न आहेत. मी ती समोर ठेवून खुणा करत बसत नाही, गप्पांतून काढते. घर सोडून किती दिवस झाले? त्याचं काम सुटलंय का? पाळत ठेवतो का? स्वतःचं बरंवाईट करीन म्हणतो का? मुलांवरून धमकी देतो का? 'तो तुला जिवे मारू शकेल असं तुला वाटतं का?' हाही त्यातलाच एक प्रश्न. सुमनने त्याचं उत्तर मी विचारण्याआधीच दिलं होतं. इथे एक सांगते. ज्यांचा खून झाला किंवा थोडक्यात टळला, त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास बायकांना आपला धोका नीट उमगला नव्हता, असं कॅम्पबेलच्याच अभ्यासात दिसलं. बायका धोका कमीच धरतात. त्यामुळे एखादी 'मारून टाकील' म्हणते तेव्हा 'असं बोलू नये गं' म्हणून तिचं तोंड बंद करणारे आपण कोण?

"मारहाण किती करायचा?"

"तशी फार नाही. दारू पीत नाही तो. एकदा नुसतं नरडं धरलं होतं."

नुसतं. हा शब्द मी शंभरदा ऐकलाय. "किती वेळ धरलं? बोलता येत होतं? डोळ्यापुढे अंधारी आली?" ती लॅमिनेशनकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "साडी ओली झाली होती ताई. मी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली."

गळा आवळल्यावर लघवी सुटणं म्हणजे ती बेशुद्धीच्या, म्हणजे मरणाच्या किती जवळ गेली होती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. अंगावर वळ नव्हते, म्हणून कोर्टासाठी लिहिलेल्या घटना अहवालात एक ओळ: 'धक्काबुक्की केली.' २००८मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं, की ज्या बाईचा गळा जोडीदाराने आधी एकदा आवळलाय, तिचा त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त असते. तो अहवाल आम्ही पुन्हा लिहून घेतला.

आणि 'फार मारत नाही' याचा दिलासा तर कोणीच घेऊ नये. फेब्रुवारी २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये हॅना क्लार्क आणि तिच्या तीन मुलांना विभक्त नवऱ्याने गाडीत जाळून मारलं. तिच्याकडेही आदेश होता. तो फारसा मारत नव्हता. काय घालायचं, कोणाशी बोलायचं, यावर पहारा ठेवायचा, म्हणून आपल्यावर होतंय ते हिंसाचारात मोडतं, हे तिला बराच काळ वाटलंच नव्हतं. क्वीन्सलँड या तिथल्या राज्यात असा पहारा हाच आता गुन्हा आहे, २६ मे २०२५पासून.

सुमन सावध होतीच, तिला सावध राहा सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या आठवड्याचा हिशोब मांडला. कुठल्या दिवशी त्याला काय कळणार आहे? नोटीस हातात पडेल तो दिवस. पोटगीचा आकडा कळेल तो. जामीन मिळेल तो. मुलाचा वाढदिवस. अशा रात्री तिने माहेरी झोपायचं नाही, आणि आईलाही तिथे ठेवायचं नाही. दोघी मुलांसह मावशीकडे. आई आधी तयार नव्हती. "माझं घर सोडून मी का जाऊ?" बरोबरच होतं तिचं. पण ती गेली.

मुलाच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायला लावला. बाप त्यात होता. 'उद्या सकाळी ७ वाजता सहलीची बस गेटवरून सुटेल' असा मेसेज वर्गशिक्षिकेने टाकलेला, आणि त्याखाली बापाचा नमस्काराचा हात. मुख्याध्यापकांना आदेशाची झेरॉक्स दिली. ते भले गृहस्थ, पण म्हणाले, "बापाला कसं नाही म्हणणार?" कागदावर शाळेचं नाव नव्हतं, त्यांचा तरी काय दोष. तेव्हा आदेशात शाळा आणि आई, दोन्ही घालून घ्यायला अर्ज केला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बैठकीवर. त्याच्या मामांनी निरोप धाडला होता: शेवटचं एकदा समोरासमोर बसू, तो देवळात शपथ घेईल. भाऊ तयार होता, वर "काही वाकडं बोलला तर मी बघून घेतो" हेही होतं. आपल्याकडे अशा बैठकीला नकार देणारी बाई उद्धट ठरते. आमच्या क्षेत्रातली माणसंही कधीकधी तडजोडीचा आकडा वाढवायला तिला पुढे ढकलतात, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. 'शेवटचं एकदा' हे शब्द कानावर आले की मी स्पष्ट सांगते, जायचं नाही. देवळात नाही, मामांकडे नाही, कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर तर नाहीच. भावाला वेगळं बसवलं. त्याला एकच काम दिलं: बहिणीला तारखेला न्यायचं आणि आणायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्याला ते सगळ्यात जड गेलं.

दीड महिन्याने नवरा शाळेच्या फाटकाशी आला. उभाच राहिला. पण तोवर आदेशात शाळा आली होती. सुमनने ११२ला फोन केला, आणि मी सोबत ठाण्यात गेले. पुन्हा तेच, "नुसता उभा होता ना बाई?" या वेळी मी कायद्याचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. कलम ३२: आदेशाचा भंग दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि भंग झाला हे कोर्ट तिच्या एकटीच्या साक्षीवरही ठरवू शकतं. समोरच्या अंमलदाराने ते दोनदा वाचलं. खरं तर त्याला माहीतच नव्हतं, आणि ते त्याने कबूल केलं हे मला आवडलं. गुन्हा दाखल झाला. काही दिवसांनी जामीनही झाला. त्या रात्री सगळी मावशीकडे.

हे संपलेलं नाही. "किती दिवस असं राहायचं ताई?" असं ती विचारते, आणि मला माहीत नाही, असं मी सांगते. निर्धास्त राहा हे शब्द मी आता कोणालाच म्हणत नाही. रात्री साडेनऊला तिचा एक शब्दाचा मेसेज येतो, 'जेवले.' तो आला नाही तर मी फोन करायचा, आणि फोन उचलला नाही तर ११२, असं ठरलंय. गेल्या मंगळवारी पावणेदहा झाले तरी मेसेज नव्हता. फोन बंद. मी ११२ दाबणार, तेवढ्यात स्क्रीन उजळली: 'लाईट गेली होती. चार्जिंग नव्हतं. जेवले.'