दारू सुटली, लगाम सुटेना

पत्र : ताई, दारू सोडून आज 52 दिवस झाले. व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आलो. पण घरात मला किंमत नाही. पगाराचं एटीएम कार्ड बायकोकडे. सकाळची डायसल्फिरमची गोळी (जिच्यावर दारू प्यायली की जबर त्रास होतो ती) बायको समोर उभी राहून घ्यायला लावते. परवा मी शेजारी बसलेला असताना मुलाने सहलीचा फॉर्म सहीसाठी तिच्यापुढे धरला. मी बदललोय, मग घराचा कारभार माझ्या हातात का नको?
– एक वाचक, सांगली

दादा,

52 दिवस ही काही थट्टा नाही. आणि या दिवसांत झोप न लागणं, बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरणं हे बऱ्याच जणांना होतं, तेव्हा सगळा राग बायकोच्या खात्यावर टाकू नका.

फॉर्मची गोष्ट मी दोनदा वाचली. झोंबलं असणार. पण पोरगा तुमचा अपमान करत नव्हता हो. संध्याकाळी बाबांना काही विचारायचं नाही, हे त्याने कधीतरी शिकून ठेवलंय. ते 52 दिवसांत कसं पुसलं जाईल?

कारभार इतक्यात मागू नका, असं माझं स्पष्ट मत. ‘फक्त शनिवारी’, ‘फक्त बिअर’, ‘आठनंतर दोनच पेग’ – हे कारभार आठवतात ना? दारुड्यांनीच एकमेकांना सावरण्यासाठी काढलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या पहिल्या पायरीत दोन कबुल्या आहेत : दारूपुढे आपलं काही चालत नाही, आणि आपलं जगणंच आपल्याला आवरेनासं झालंय. पहिली कशीबशी गिळली जाते. दुसरी घशात अडकते, विशेषतः आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांच्या.

त्या संघटनेची सुरुवातही अशाच एका फसलेल्या कारभारातून झाली. 1935 साली, पुढे तिचा संस्थापक झालेला बिल डब्ल्यू. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला, काम हातचं गेलं. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलात समोरच बार. पण त्याने बारकडे पाय वळवला नाही. फोनवर चौकशा करकरून दुसरा एक दारुडा शोधला, डॉक्टर बॉब, आणि त्याच्याशी जाऊन बोलत बसला.

कार्ड तिच्याकडेच असू द्या. पगाराच्या दिवशी खिसा गरम असला की पाय कुठे वळतात ते मी तुम्हाला काय सांगू! गोळीही तिच्याच हातून घ्या. घरच्या माणसासमोर घ्यायला डॉक्टरच सांगतात, आणि त्यामुळे ‘आज घेऊ की नको’ हा रोजचा वाद डोक्यात उरत नाही. ती गुपचूप बंद करून प्यायचा बेत मात्र कधी करू नका; तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, जिवावर बेतेल. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

बायकोला एकच विचारा, ‘यातलं कुठलं काम मी करू?’ ती दळण आणायला सांगेल. आणा. डबा चुकीच्या फळीवर ठेवला म्हणून बोलेल, तर उचलून बरोबर फळीवर ठेवा. घरच्यांसाठी अ‍ॅल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात, हे तिच्या कानावर घाला आणि गप्प बसा. जायचं की नाही ते ती ठरवेल. (हेही तुम्हाला जड जाणार, मला ठाऊक आहे.)

तलफ अनावर झाली तर आधी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधल्या एखाद्या जुन्या माणसाला फोन लावा, नाहीतर 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

आणि मुलगा सहलीहून आला की फोटो दाखव म्हणा. ‘नंतर’ म्हणाला, तर बरं म्हणा.

– तुमची ताई