जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग: आधी अर्थिंग बघ

भाऊ, सगळं वायरिंग उपटण्याआधी अर्थ, म्हणजे बॅटरी ते ट्रॅक्टरच्या लोखंडाची जोडणी, तपास. बॅटरीची अर्थ केबल आधी सोडायची, जोडताना शेवटी. ती बोल्टला बसते तिथला रंग-गंज घासून लोखंड चकचकीत कर. मग केबल परत जोडून व्होल्ट मोजणाऱ्या मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या जोडात.

वायर बारीक घेऊ नकोस. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर ओढतात, २.५ चौरस मिमीची वायर आणि वेगळा फ्यूज हवाच. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड मला अजिबात पटत नाही, नांगरटीत थरथरून तो सुटतो. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टर्मिनल, दाबून बसव. जुनी वायर काढताना प्रत्येक जोडाचा फोटो घे.