तीन कोर्स अर्धे, एकही पुरा नाही

प्रश्न : मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत चार वर्षं अँड्रॉइड अ‍ॅप्स करतोय. सगळं काम जावा भाषेत आणि एक्सएमएल लेआउटमध्ये, म्हणजे स्क्रीनची मांडणी वेगळ्या फाइलीत लिहायच्या जुन्या पद्धतीत. मुलाखतीत मात्र अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायच्या नव्या साधनांपैकी कुणी जेटपॅक कंपोज विचारतं, कुणी फ्लटर, कुणी रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. तिन्हींचे कोर्स सुरू केले, एकही पुरा झाला नाही. नोकरी सोडून पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करावा का?

उत्तर : नोकरी सोडू नका. कोर्स अर्धे राहिले ते आळसामुळे नव्हे. तिन्हींकडे सुरुवातीला बटण, टेक्स्ट, रंग हेच असतं आणि ते तुम्हाला चार वर्षांपासून येतं. खरी नवी गोष्ट पुढे येते, तिथवर तुम्ही पोहोचलाच नाहीत.

ती गोष्ट अशी. एक्सएमएलमध्ये तुम्ही टेक्स्टव्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरची मजकुराची जागा, शोधून त्यात मजकूर भरता, म्हणजे स्क्रीन तुम्ही हाताने बदलता. कंपोजमध्ये स्क्रीनला हात लावायचा नाही. माहिती, म्हणजे स्टेट, बदलायची. तिच्यावर अवलंबून असलेलं फंक्शन पुन्हा चालतं आणि स्क्रीन आपोआप नवी होते. 2013 मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टने, म्हणजे रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ज्यावर उभं आहे त्या वेबच्या साधनाने, ही पद्धत रुळवली. 2018 चं फ्लटर 1.0, 2019 चं अ‍ॅपलचं स्विफ्टयूआय आणि 2021 चं कंपोज 1.0 याच वाटेने गेले. एक पक्कं झालं की दुसऱ्यात मुख्यतः लिहिण्याची पद्धत आणि साधनं बदलतात.

तुम्ही कंपोज घ्या. जुन्या एक्सएमएल स्क्रीनमध्ये कंपोजव्ह्यू, म्हणजे कंपोजसाठीची चौकट, टाकून एखादाच भाग बदलता येतो, त्यामुळे ऑफिसच्या कामातच सराव होईल. फ्लटरमध्ये एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप्स होतात, पण त्याची ही वेळ नव्हे. आयफोनचंही काम येऊ लागलं की बघू. कंपोज जावात लिहिता येत नाही, म्हणून आधी महिनाभर कॉटलिन ही भाषा शिका. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही भाषा नांदतात, तेव्हा कंपनीला काही थांबवावं लागणार नाही.

मग एकच स्क्रीन करा, पण पुरती. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांची यादी घ्या : दोनशे ओळी, अडत्या, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, क्विंटलचा दर, वर शोधपट्टी, प्रत्येक ओळीला टिक. नावं-आकडे मनाने घाला. या स्क्रीनवर तुम्ही तीनदा अडाल, आणि शिकणं तिथेच आहे.

साध्या म्युटेबल लिस्टमध्ये (बदलता येणाऱ्या यादीत) सौदा घातलात तर स्क्रीनवरची यादी बदलणारच नाही, कारण आतला बदल कंपोजला कळत नाही. बदल कंपोजला कळवणारी म्युटेबलस्टेटलिस्टऑफ वापरा, किंवा दरवेळी नवी यादी द्या. दुसरं, फोन आडवा केला की शोधपट्टीतला मजकूर जातो. माहिती लक्षात ठेवणारं रिमेंबर तिथे पुरत नाही, स्क्रीन पुन्हा उभी राहिली तरी ती जपणारं रिमेंबरसेव्हेबल लागतं. तिसरी चूक सर्वांत फसवी. टिक ओळीच्या आतच रिमेंबरने ठेवली आणि लेझीकॉलमला (सरकत्या यादीला) ‘की’, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळखखूण, दिली नाही, तर वर नवा सौदा येताच एका अडत्याची टिक दुसऱ्याच्या नावापुढे दिसते. आठवण जागेला चिकटलेली असते, सौद्याला नाही. ‘की’ म्हणून सौद्याचा क्रमांक द्या. आणि टिक जपायचीच असेल तर ती ओळीत न ठेवता सौद्याच्या माहितीतच ठेवलेली बरी. हे मुलाखतीत स्वतःहून समजावून सांगता आलं, तर कोर्सचं प्रमाणपत्र कुणी मागणार नाही.

यादी अडखळत सरकली तर लगेच कंपोजला दोष देऊ नका. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये, ते मंद चालतं. रिलीज बिल्ड, म्हणजे लोकांना द्यायचं अ‍ॅप, करून कमी रॅमच्या जुन्या फोनवर बघा.

पुढे अद्ययावत राहायला रोज व्हिडिओ बघण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा तासभर अधिकृत रिलीज नोट्स वाचा. तीन महिन्यांनी वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) कंपोज बीओएमचा, म्हणजे कंपोजच्या सगळ्या भागांची आवृत्ती ठरवणारा, आकडा वाढवून काय मोडतं ते पाहा. एक्सएमएलही विसरू नका. जुन्या अ‍ॅप्सचा मोठा पसारा अजून त्यातच आहे, आणि तो कंपोजमध्ये हलवायला दोन्ही येणारा माणूस लागतो. मुलाखतीला जाताना ती सौद्यांची स्क्रीन फोनमध्ये घालून न्या आणि फोन त्यांच्या हातात द्या.