बाभळीच्या काट्यावर टोळ कोण टोचून ठेवतं?

बेळगावजवळच्या खानापूरकडे बांधावर काट्यात टोचलेला टोळ आणि एक पक्षी पाहिलेल्या वाचकाने हा प्रश्न विचारलाय. त्यांना उत्तर: तुम्हाला दिसलेला टोळ म्हणजे भानामती नव्हे, खाटकाचं काम! खाटीक हा पक्षी. त्याच्या पायांत शिकरा या शिकारी पक्ष्यासारखी ताकद नाही, म्हणून भक्ष्य काट्यात अडकवायचं आणि आकडेदार चोचीने तोडायचं. उरलं तर तिथंच साठा.

तुम्ही वर्णन केलेला पक्षी, म्हणजे पाठ तपकिरी, डोळ्यावर काळी पट्टी, वर पांढरी भुवई, तो तपकिरी खाटीक. सायबेरिया, मंगोलियाकडे वीण करून हा जेमतेम बुलबुलाएवढा पाहुणा ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे उतरतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. बऱ्याचदा दरवर्षी त्याच जागेवर. आल्या आल्या कर्कश खर्रखर्र करून हद्द जाहीर करतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर कान किटतात. दुसरा खाटीक आला की भांडण ठरलेलं (सीमाभागातल्या माणसांना हे काय सांगायचं!).

मात्र टोळ त्यानेच टोचला असं छातीठोक सांगता येणार नाही. बेळगाव भागात बारमाही राहणारा नकल्या खाटीकही हेच करतो. त्याची पाठ वरून राखाडी, खाली तांबूस. शेपूट लांब.