बिलाचं फंक्शन (प्रोग्रॅममधला नाव दिलेला कोडचा तुकडा) ४० ओळींचं झालंय, फाइल वाचण्यापासून मेल पाठवण्यापर्यंत सगळं त्यातच आहे, आता तोडायचं का?
४० ओळी झाल्या म्हणून लगेच तोडू नका, आत कामं किती चाललीयेत ते बघा. तुमच्या बिलाच्या फंक्शनमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या माहितीची फाइल) वाचणं, जीएसटी काढणं, मेल पाठवणं सगळं एकत्र आहे, म्हणजे १८ टक्क्यांचा हिशोब बरोबर येतोय का एवढं तपासायलाही फाइल आणि मेल सर्व्हर लागणार, त्यामुळे जीएसटीचा भाग आधी बाहेर काढा, त्याला फक्त रक्कम आणि दर द्या, टेस्ट दोन ओळींत होते. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडिंग स्टाइलमध्ये, म्हणजे कोड कसा लिहावा याच्या नियमांत, एका फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल (फक्त त्या फंक्शनपुरती नावं देऊन ठेवलेली मूल्यं) ५ ते १० च्या वर जाऊ नयेत असं म्हटलंय, मला ही खूण ओळी मोजण्यापेक्षा जास्त पटते. आणि हो, बाहेर काढलेल्या तुकड्याला सहा-सात पॅरामीटर (बाहेरून पुरवायची मूल्यं) द्यावे लागत असतील किंवा धड नावच सुचत नसेल तर राहू द्या तसंच, उगाच वाचणाऱ्याला इकडून तिकडे उड्या मारायला लागतात.