रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) गटप्रमुख झालास, आता ऐक

दोन वर्षांत 240 तास अन् सात दिवसांचं निवासी शिबिर. तासांचा हिशेब रजिस्टरात होत राहतो, त्याचं टेन्शन घेऊ नको लेका. टेन्शन घे सभेच्या वेळेचं.

आम्ही पहिल्याच शिबिरात महिलांची सभा दुपारी 2 ला ठेवली. डिसेंबर, कापूस वेचणी ऐन भरात. आल्या तीन म्हाताऱ्या. एक तर सतरंजीवरच झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातनंतर चुलीपाशी जाऊन बसलो. हातांवर बोंडांचे ओरखडे असलेल्या एका बाईनं भाकर थापता थापता सांगितलं, पोडावरच्यांचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्यांचा, नंबर पाण्याला शेवटी लागतो. हे सरपंचांच्या भाषणात नव्हतं.

सभा देवळापुढे नको, शाळेच्या अंगणात घे. काही जण देवळापाशी मागेच उभे राहतात, अन् का ते कोणी बोलत नाही. कोलाम पोडावरचा पोरगा गटात असेल तर त्याला सतरंज्या उचलायला नको, माइक दे. कोलामीत बोलू दे. स्वयंपाकाची पाळी पोरांचीही लाव. कुरकुरतील.

गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तन करत. तुझं भाषणही रात्रीच ठेव.