वहाळ भरून वाहतो तेव्हा

प्रिय मुली,

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या भातशेतीतून किती खत वाहून जातं यावर काम करायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. आराखडा नीट वाचला. त्यातली एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याचा नमुना घ्यायचा, असं तू लिहिलं आहेस.

आपल्याकडे वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यातही माती आणि खत ओढून नेतात त्या मोजक्या मुसळधार सरी. सोमवारी उघडीप असली तर बाटलीत निवळ पाणी येईल, आणि शनिवारी रात्री जे वाहून गेलं त्याचा पत्ताही लागणार नाही. हिशेब करून बघ. वहाळाला सेकंदाला १० लिटर पाणी आहे आणि लिटरमागे १ मिलिग्रॅम नायट्रोजन आहे, तर दिवसाला किलोभरसुद्धा जात नाही. पुरात तोच वहाळ सेकंदाला १००० लिटर वाहू लागला, की त्याच १ मिलिग्रॅमचे दिवसाला ८६ किलो होतात. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत नायट्रोजन असतो साधारण २१ किलो. म्हणजे चार गोण्या गेल्या, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर आकडा तोच! तेव्हा प्रवाह मोजल्याशिवाय निष्कर्षाची एक ओळही लिहू नकोस. पाणी चढताना आणि उतरताना वेगवेगळे नमुने घे. गाळ बहुधा चढत्या पाण्याबरोबर येतो, नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, पुष्कळदा मागाहून, जमिनीतून झिरपत.

शेतकऱ्याने युरिया कधी टाकला, हे वहीत तारखेसकट हवं. टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस शेतातल्या साचलेल्या पाण्यात युरियापासून झालेलं अमोनियम भरपूर असतं. त्याच वेळी मोठी सर आली आणि मेर, म्हणजे शेताचा बांध, फुटली, की ते थेट वहाळात जातं.

फॉस्फरसची तऱ्हा वेगळी. आपल्या तांबड्या जांभ्या मातीतलं लोह त्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तो विरघळून फारसा जात नाही, मातीला चिकटून जातो. फक्त गाळलेलं पाणी तपासलंस तर फॉस्फरस नाहीच असं वाटेल. गढूळ नमुना तसाच ठेवून एकूण फॉस्फरसही काढ. विद्राव्य भागासाठी मात्र ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी जागेवरच गाळ, छत्री धरायला कुणीतरी सोबत ने, आणि बाटल्या लगेच बर्फात ठेव. संध्याकाळी खोलीवर जाऊन गाळू, हे चालणार नाही.

एककं तर डोळ्यांत तेल घालून बघ. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तीच नायट्रोजन म्हणून मांडली तर साधारण १०. कुठला आकडा कशाचा, हे प्रत्येक तक्त्यावर लिही.

पुढे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, उतरलीस तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघ. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, दारं ओहोटीला उघडतात आणि भरतीला मिटतात. शेताचं पाणी हवं असेल तर ओहोटीलाच घे आणि पाण्याचा खारेपणा मोज, नाहीतर नदीचं पाणी तपासून शेतीला दोष देशील.

दोष देण्याची घाई तशीही करू नकोस, हे मी कळकळीनं सांगतो. वाड्यावरचे शोषखड्डे, गोठे, कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं, शेणखत, सगळ्यांचं नायट्रेट एकाच वहाळात उतरतं. म्हणून वस्तीच्या वर आणि खाली दोन्हीकडे नमुने घे, उन्हाळ्यातही घे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात प्राणवायू कमी होतो, त्यामागेही मुख्यतः खोलातून वर येणारं पाणी असतं. त्याचं सगळं खापर शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्याय होईल.

त्याच्याकडे जाशील तेव्हा मिलिग्रॅममध्ये बोलू नकोस. “काका, तुमच्या शेतातून यंदा इतक्या गोण्यांचं खत गेलं,” असं सांग. पैसे त्याचे गेलेले असतात, त्याला लगेच कळतं. युरिया दोन हप्त्यांत द्यायचा की पाऊस बघून थांबायचं, हे तो स्वतःच काढेल, आणि पुढच्या वर्षी मेर कुठून फुटते तेही तुला दाखवेल.

पुरात पाण्यात पाय घालायचा नाही. साकवावरून, म्हणजे वहाळावरच्या छोट्या पुलावरून, दोरीनं बादली सोड. मे संपायच्या आत, पात्र कोरडं असतानाच, प्रवाह काढण्यासाठी त्या साकवाखालचा आडवा छेद मोजून घे आणि खांबाला मोजपट्टी ठोकून ठेव. एकदा पाणी आलं की तळ दिसत नाही.

तुझे,
सर